सुडासाठी घेतलेला कॅमेरा

लोक कॅमेरा का घेतात, याची उत्तरं ऐकायला छान असतात. मुलीचं बारसं होतं, लेहला जायचं होतं, पक्ष्यांचं वेड होतं. मी कॅमेरा घेतला तो एका माणसाचं नाक कापायला. दुसरं काहीही कारण नव्हतं, आणि ते मला लपवावंसंही वाटत नाही.

मी एक्स-रे टेक्निशियन आहे. घाटकोपरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये दिवसभर माणसांना सांगते, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा. राहते भांडुपला, आईबरोबर. लग्न केलं नाही. रविवार मोकळा असायचा, म्हणून मुलुंडच्या एका फोटोग्राफी क्लबात नाव घातलं. फोनवर काढलेले फोटो चालतील असं त्यांनी सांगितलं होतं. क्लब चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे सर म्हणायचे, मीही म्हणायचे. साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी नीट कातरलेली, अंगात खूप खिशांचं जाकीट. गळ्यात भलामोठा डीएसएलआर आणि त्यावर हातभर लांब लेन्स. शिकवायचे मात्र चांगलं, हे मान्य करायलाच हवं. माझे फोनमधले फोटो पाहून म्हणायचे, "नजर आहे तुझ्याकडे." तेव्हा मी दोन दिवस हवेत असायचे.

एका रविवारी क्लबाची सहल मनोरीला गेली. मार्व्याहून होडीनं पलीकडे गेलो आणि कोळीवाड्यात शिरलो. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते, दोन दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून, ओळीच्या ओळी. खाली जुन्या जाळ्यावर जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळायला पसरला होता. एक कोळीण, पन्नाशीची असेल, ओले बोंबील टांगत होती. सरांचा फोन वाजला. त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. "जरा धर गं." आणि बोलत बोलत ते चालत गेले, ते थेट जवळ्यावर जाऊन उभे राहिले. बुटांसकट. त्यांना पत्ताच नव्हता. कोळीण ओरडली. सरांनी मागे न बघता हात हलवला, थांब, बोलतोय, असा.

त्या क्षणी मी कॅमेरा डोळ्याला लावला. टांगलेल्या बोंबलांच्या दोन ओळींच्या मधोमध तिचा चेहरा आला. हात वर उगारलेला, मुठीत बोंबील, बोटांवरून पाणी ओघळतंय, डोळे असे की बघणाऱ्यानं मागे सरावं. डाव्या कोपऱ्यात सरांची पाठ आणि जवळ्यातले बूट. मी एकदा बटण दाबलं. एकदाच.

परतीच्या होडीत सर स्क्रीनवर फोटो बघत होते. एका फोटोशी थांबले. "हा कधी?"

"मी काढला, सर. तुम्ही फोनवर होता तेव्हा."

"वा. झकास आलाय गं," ते म्हणाले आणि पुढे सरकले.

तीन महिन्यांनी मुलुंडच्या एका हॉलमध्ये क्लबाचं प्रदर्शन भरलं. माझा तो फोटो लावलाय असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी आईला नवी साडी नेसवून घेऊन गेले. फोटो होता. दारातून आत शिरताच समोर, सगळ्यांत मोठ्या फ्रेममध्ये. डावा कोपरा कापला होता, पाठ नाही, बूट नाहीत. खाली पाटी होती, 'सागरमाया', आणि तिच्याखाली सरांचं नाव.

मला वाटलं चूक झाली असेल. सर चारपाच जणांच्या घोळक्यात उभे होते, तिथं जाऊन मी हळूच म्हटलं, "सर, नावात काहीतरी घोटाळा झालाय. तो फोटो माझा आहे ना?"

सर हसले. लहान पोराकडे बघून हसतात तसे. "अगं, कॅमेरा कुणाचा? लेन्स कुणाची? सेटिंग कुणी लावलेलं? तू फक्त बटण दाबलंस. बटण काय, माझा ड्रायव्हरपण दाबतो."

घोळका हसला. मीही हसले. हेच मला आजपर्यंत छळतं, की मीही हसले.

आई रिक्षात बसली. मग म्हणाली, "तेच्या कॅमेऱ्यान काढलंस म्हणान फोटो तेचो झालो? मगे उद्या मी शेजारणीच्या तव्यार भाकरी भाजलंय तर ती भाकरी तिची?" थोड्या वेळानं परत म्हणाली, "कॅमेरो घे. तुझो."

रात्रभर जागून रडले वगैरे काही नाही. मस्त झोपले. सकाळी उठले तेव्हा डोक्यात एकच वाक्य होतं, ह्याची वाट लावायची.

पुढचे दोन महिने मी एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटांच्या पाठीवर याद्या केल्या. सेन्सर केवढा, व्ह्यूफाइंडर कसा, आत स्टॅबिलायझेशन आहे की नाही. जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघायचे. सर क्लबात नेहमी म्हणायचे, मिररलेस म्हणजे खेळणं, आरसा नाही तो कॅमेरा कसला. तेवढ्यानंच माझं अर्धं ठरलं होतं. ते ज्याला खेळणं म्हणतात त्यानंच त्यांना धडा शिकवायचा. उरलेलं अर्धं मात्र चुकत होतं. त्यांच्याहून मोठा, त्यांच्याहून महाग, समोर ठेवला की त्यांचं तोंड पडेल असा कॅमेरा मी शोधत होते.

अंधेरीत एक जुनं कॅमेऱ्याचं दुकान आहे, जिन्याखालचं, अरुंद. मालक सत्तरीचे, चष्मा कपाळावर. माझी यादी त्यांनी शांतपणे वाचली.

"बेन, तुम्हाला फोटो काढायचेत की कुणाला दाखवायचंय?"

"दोन्ही."

त्यांनी मान डोलावली, जणू रोज हेच उत्तर मिळतं. काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. पहिला माझ्या यादीतला, सगळ्यांत मोठा. लेन्स लावून हातात घेतला आणि दोन मिनिटांत मनगट बोलायला लागलं. बारा वर्षं मी एक्स-रेच्या कॅसेट उचलतेय, माझं उजवं मनगट आधीच कुरकुरतं. दुसरा दिसायला इतका देखणा, रुपेरी, जुन्या घाटाचा, की शोकेसमध्ये ठेवावा. पण धरायला जागाच नव्हती, बोटं घसरायची. तिसरा काळा, साधा, कुणी वळून बघणार नाही असा.

"डोळे मिटा," मालक म्हणाले. "आता उजेड कमी-जास्त करायची चकती शोधा."

पहिल्यावर सापडली नाही. दुसऱ्यावर भलतीच फिरवली. तिसऱ्यावर अंगठा गेला तो तिच्यावरच. मग शटर दाबलं आणि काहीच झालं नाही. मी डोळे उघडले.

"बंद आहे का?"

"निघाला फोटो. आवाज बंद केलाय मी. ह्याच्यात आरसा उडत नाही ना, त्यामुळे आवाज नकोच असला तर नाही येत. समोरच्याला कळत पण नाही."

समोरच्याला कळत पण नाही! मी तिथंच तो कॅमेरा आणि एक छोटी, झूम न होणारी लेन्स घेतली. मालकांनी विचारलं, झूम नको? मी म्हटलं, नको, मला जवळ जायचंय.

घेतल्यावर कळलं की आपल्याला त्यातलं काहीएक येत नाही. मेनू उघडला की पानामागून पान. पहिल्या आठवड्यात आईचा चेहरा सोडून मागच्या फ्रिजवर फोकस बसायचा. बॅटरी दुपारपर्यंत संपायची, कारण मी स्क्रीन उगाच चालू ठेवायचे. आवाज बंद करून घरातल्या ट्यूबखाली फोटो काढले तर आईच्या अंगावर आडवे काळे पट्टे, तुरुंगात बसल्यासारखी. ती म्हणाली, "माझी काय चूक झाली ती सांग तरी." शोधल्यावर समजलं, काही दिवे डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या वेगानं लुकलुकतात, आणि बिनआवाजी शटर ते पकडतं. शटरचा वेग उतरवला की पट्टे जातात. तो नेमका वेग मी पाठ केला. कशासाठी पाठ केला, ते मला त्याच वेळी ठाऊक होतं. मुलुंडच्या हॉलमध्ये तसलेच दिवे होते.

कामावरून आल्यावर रोज अर्धा तास सराव करायचे. खिडकीतून खालची इस्त्रीवाली, समोरच्या गॅलरीतले आजोबा. चेहऱ्यावरचा भाव कधी बदलणार हे आधी ओळखायचं. फोटोग्राफीची कुठलीही गोष्ट मी प्रेमानं शिकले नाही. प्रत्येक बटणामागे सरांचं ते हसू होतं. माणसं म्हणतात, रागानं कुणाचं भलं होत नाही. माझ्या फोकसचं झालं.

तयारी झाली असं वाटल्यावर मनोरीला गेले, एकटी. कोळीण वलांडीपाशीच होती. मला बघून कमरेवर हात ठेवला.

"परत आयलीस? तो बूटवाला खय हाय?"

तिला सगळं आठवत होतं. तो जवळा तिला फेकून द्यावा लागला होता, अर्ध्याच्या वर. मी तिला मावशी म्हटलं, मी कोण ते सांगितलं, आणि फोनमध्ये काढून ठेवलेला त्या फ्रेमचा फोटो दाखवला. तिनं तो लांब धरून नीट बघितला. पाटी मी वाचून दाखवली.

"माया?" ती म्हणाली. "मी तं त्याच्या आयबापाचा उद्धार करत व्हते!"

मी खो खो हसले. ती हसली नाही. फोन परत देत म्हणाली, "त्यानं चोरला, बरोबर. पन काढताना तू तरी मना इचारलंस का गो?"

माझं हसू तोंडातच राहिलं. विचारलं नव्हतं. सुचलंच नव्हतं. मी त्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि बोंबील टांगू लागले. तिनं दोनदा शिकवलं तरी माझे जबडे सुटायचे, ती पुन्हा अडकवायची.

त्यानंतर आठदहा रविवार गेले असतील. ती "काढ" म्हणाली की काढायचे, "बस आता" म्हणाली की बंद. दर वेळी आधीच्या खेपेचे फोटो धुऊन घेऊन जायचे. एक तिनं फाडला, त्यात तिची मान जाडी दिसत होती. एक तिनं देवाच्या फळीखाली लावला. ह्या फोटोंत राग नव्हता, आणि खरं सांगायचं तर ते आधीच्या त्या एका फोटोइतके चांगलेही नव्हते. पण मी तिथं का जाते याचा मला क्षणभरही विसर पडला नाही, आणि तिलाही नाही. एकदा जाळं शिवताना ती मान वर न करता म्हणाली, "तुना मी कशाला पायजे, ता मना कलतंय हां."

"मग पुढच्या प्रदर्शनाला येशील?"

"येन. माजापन जवळा व्हता त्यो."

पुढच्या प्रदर्शनाचं निमंत्रण क्लबाच्या ग्रुपवर आलं. त्यावर तोच फोटो, मावशीचा, ह्या वर्षीही, प्रदर्शनाचा चेहरा म्हणून. खाली सरांचं नाव आणि 'एका क्षणामागची साधना' असं त्यांचं भाषण. मी लिहिलं, 'अभिनंदन सर, नक्की येते.' सोबत फुलं पाठवली, फोनमधल्या चित्रांतली, पिवळी.

मावशी मासळी विकून थेट आली. केसांत अबोली, अंगावर हिरवं लुगडं, हातात मासळीची रिकामी टोपली. ती बाहेर ठेव म्हटलं तर ऐकेना. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. मी कॅमेरा मांडीवर काढला, आवाज बंद केला, वेग पाठ होता तो लावला. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे होते, निवृत्त मुख्याध्यापक. सर उभे राहिले. बोलले छान, ते नेहमीच बोलतात. म्हणाले, चांगला फोटो मिळत नाही, तो कमवावा लागतो. म्हणाले, "मनोरीच्या त्या माउलीचा विश्वास मिळवायला मी दोन तास उन्हात नुसता थांबून होतो."

"कवा रं?"

हॉलमधल्या सगळ्या माना मागे वळल्या. मी तिला अजून खूणही केली नव्हती. मावशी उभी राहिली होती.

"कवा थांबलास रं तू? फोनवर पचपच करत माज्या जवळ्यावर उभा व्हतास तवा?"

मी भिंतीच्या कडेनं पुढे सरकले होते. श्वास रोखला. सरांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग त्यांनी तिला ओळखलं. ओठांवर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांतून ते निघून गेलं. हात नमस्कारासाठी जोडायला निघाले होते, ते अर्ध्यावर थांबले, एक तळवा उघडा. मी दाबलं. पाच वेळा, बिनआवाज.

"अरे वा, ताई, या ना, पुढे या," सर म्हणाले.

"ताई नको. फोटो काढला तवा तुजी पाठ व्हती माज्याकडं. पाठीनं काढलास?"

कुणीतरी हसलं. मुख्याध्यापकांनी शाळेतल्यासारखा हात वर केला आणि शांतपणे विचारलं, "मग फोटो काढला कुणी?"

मावशीनं माझ्याकडे बोट केलं. "हीनं."

"त्याचं कसं आहे, कॅमेरा माझा होता, सेटिंग..." सरांनी सुरुवात केली. ह्या वेळी कुणी हसलं नाही. ते पाणी प्यायले.

मी इतकंच ठरवलं होतं. पुढचं मावशीचं स्वतःचं. ती टोपली घेऊन भिंतीवरच्या त्या मोठ्या फ्रेमपाशी गेली, दोन्ही हातांनी ती खिळ्यावरून उतरवली, टोपलीवर आडवी ठेवली. क्लबाचे एक सदस्य पुढे धावले, "अहो बाई, ते प्रदर्शनातलं आहे."

"तोंड कुनाचं हाय?" तिनं विचारलं.

ते बाजूला झाले. ती दारातून बाहेर पडली आणि मी तिच्या मागोमाग. रिक्षात बसल्यावर मी तिला म्हटलं, "मावशी, त्याच्यावर माझं नाव लागणार होतं आता." ती म्हणाली, "लागंल दुसऱ्यावर." त्या फोटोची मूळ फाइल सरांच्या कार्डात, फ्रेम मनोरीला. माझ्याकडे फक्त फोनमधला त्या फ्रेमचा फोटो.

सिनेमात असतं तसा सरांचा काही शेवट झाला नाही. त्याच संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं. क्लब चालू आहे, सर अजून सर आहेत. दोघं जण सोडून गेले, एकीनं मला 'बरं झालं' असा मेसेज केला आणि तासाभरानं डिलीट केला. एका जुन्या ओळखीच्या बाईनं फोन करून सुनावलं की म्हाताऱ्या माणसाचा असा चारचौघांत पाणउतारा करायला नको होता, कोपऱ्यात घेऊन बोलायचं. मी म्हटलं, त्यांनी माझा कोपऱ्यात घेऊन केला नव्हता.

घरी येऊन पाच फोटो पाहिले. तिसरा जमलाय. उजेड, फोकस, क्षण, सगळं जिथल्या तिथं. आजवर मी काढलेल्या फोटोंतला तो सर्वांत चांगला आहे, हे मी कुठलीही लाज न बाळगता लिहिते. तो सगळीकडे टाकायचा, हा माझा बेत पहिल्या दिवसापासून होता. आई भाजी निवडत होती, तिच्यापुढे स्क्रीन धरली. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"मेलो भियालो हा," ती म्हणाली. आणि मग, "ह्यो खंय टाकू नको."

"का? दया आली?"

"दया कसली? टाकलंस तर चार दिवस लोक हसतले नि विसारतले. टाकलंस नाय, तर तो रोज इचार करतलो, आज टाकता की उद्या."

ही बाई माझी आई आहे, हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

फोटो टाकला नाही. दोन ठिकाणी जपून ठेवलाय. मध्यंतरी मुलुंड स्टेशनबाहेर भाजी घेत होते, तर समोरून सर आले. एकटेच होते, जाकीट नव्हतं, हातात औषधांची पिशवी. आमची नजरानजर झाली. माझ्या खांद्यावर काळी बॅग होती. त्यांनी बॅगेकडे बघितलं, पट्ट्यावर मी हात ठेवला तेव्हा हाताकडे बघितलं, आणि ते रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथनं निघून गेले, घाईघाईनं, एका रिक्षाला चुकवत. वाईट वाटायला हवं होतं. मी थांबून वाट पाहिली, वाटतंय का. भाजीवाल्यानं विचारलं, कोथिंबीर देऊ का, तर म्हटलं, दे, दोन जुड्या दे.

बॅगेत त्या दिवशी जेवणाचा डबा आणि छत्री होती.